पट्टीवरची वाफ

डॉ. इनामदारांकडे नाकाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न नाकाबद्दल विचारत नसत. "झोपता कुठं?" असं विचारत. माणूस गोंधळायचा. कुणी गावाचं नाव सांगायचा, कुणी सोबतच्या बायकोकडे बघायचा. मग डॉक्टर फोड करून विचारत. खाटेवर का खाली, दाराशी का आत, शेजारी कोण, चूल कुठं, डोक्यावर पत्रा का स्लॅब. हे सगळं ऐकून झालं की कपाळावरचा गोल आरसा डोळ्यावर ओढायचे आणि म्हणायचे, "हां, आता दाखवा नाक."

नांदेडला इतवाऱ्यात त्यांचा दवाखाना होता. दोन खोल्या, बाहेर एक लांब बाकडं. पाटीवर कान-नाक-घसा असं लिहिलेलं होतं, पण उमरीपासून माहूरपर्यंतची माणसं त्यांना 'नाकवाले इनामदार' म्हणूनच ओळखायची. मी त्यांचा पेशंट कधीच नव्हतो. पेशंट माझी पुतणी होती. मी तिला घेऊन जाणारा माणूस. बाकड्यावर बसून आत काय चाललंय ते ऐकत राहायचं, एवढंच माझं काम. वीसेक वर्षं मी ते केलं. त्यामुळे आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर त्यांच्या घरचं, शिक्षणाचं, मुलाबाळांचं मला फार थोडं सांगता येईल. त्यांचा आवाज मात्र पुष्कळ सांगता येईल.

आवाज तोंडातून यायचा, कारण त्यांचं स्वतःचं नाक बंद होतं. हैदराबादला शिकत असताना हॉकीचा चेंडू लागून नाक डावीकडे वळलं, ते तसंच राहिलं. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच ते थांबत. लोकांना वाटायचं, डॉक्टर विचार करून बोलतात. "विचार नाही हो," ते मला एकदा म्हणाले, "हवा घेत असतो."

एक म्हातारा त्यांना तोंडावर म्हणाला होता, "डाक्टर, तुमचंच नाक वाकडं हाय की."

"हाव मामा."

"मग आमचं काय सरळ करनार?"

"तुमचं सरळच हाय. तुमचा तंबाखू वाकडा हाय. दाढंत धरायचा तो नाकात कामून ओढता?"

बाकड्यावरची सगळी माणसं हसली. म्हातारा पण हसला, आणि हसता हसता शिंकला.

'नाकातलं हाड वाढलंय' हे आमच्याकडचं नेहमीचं वाक्य. कुणाला सर्दी टिकली, कुणी घोरायला लागलं, की हाड वाढलंय. डॉक्टरांना या वाक्याचा राग यायचा, म्हणजे त्यांना जेवढा येत असे तेवढा. "हाड वाढायला ते काय ऊस हाय का? दोन नाकपुड्यांत एक पडदा असतो. दोन भावांच्या घरात मधली भिंत असती तसा. ती भिंत सरळ कुणाचीच नसती. जरा इकडं, जरा तिकडं. भाऊ राहतात ना तरी?"

नाक समजावून सांगताना ते घराचीच भाषा वापरायचे. त्यात एक पेव होतं. उमरीला त्यांच्या वाडवडिलांची धान्याची आडत होती, आणि लहानपणी त्यांनी ज्वारीची पेवं भरताना, उपसताना पाहिली होती. मुरमात खोल खणलेला गोल खड्डा, पोट मोठं आणि तोंड लहान. तोंड वर. दाणे काढायचे तर माणसाला आत उतरावं लागतं. उघडल्या उघडल्या उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा असते. झाकण काढून थांबायचं, मग कंदील सोडून बघायचं. त्यांच्या आडतीवरचा एक गडी न थांबता उतरला आणि दोराला बांधून त्याला वर ओढावं लागलं. तो वाचला. पण त्याला वर काढल्यावर त्याच्या तोंडावर पाणी मारणारे त्यांचे आजोबा आणि भोवतीची गप्प उभी माणसं डॉक्टरांच्या डोळ्यांपुढून कधी गेली नाहीत. "उघडायची घाई करायची न्हाई," हे वाक्य ते पेवाबद्दलही म्हणत आणि ऑपरेशनबद्दलही.

"गालाच्या हाडात असंच एक पेव असतं," ते सांगत. "हिकडं एक, तिकडं एक. त्यालाच सायनस म्हणतात. आतून ओलं अस्तर. त्याचं दार कुठं? वर, छताजवळ, नाकात उघडणारं. पाणी साचणार खाली आणि दार वर. मग पाणी बाहेर कसं यावं? अस्तरावर बारीक केस असतात, दिसत पण न्हाईत. ते पाणी वर ढकलत राहतात. चोवीस तास. अल्ला मियाँ ने दरवाजा ऊपर रखा, फिर हमाल भी दिए."

मग त्या पेवाच्या तळाशी कधी कधी एक फुगा दिसतो, असं ते म्हणत. अस्तरातल्या एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजतं, तिचं पाणी तिच्यातच साचतं आणि गोल फुगा वर येतो. फिल्मवर तो उगवत्या चंद्रासारखा दिसतो. त्याला सिस्ट म्हणतात. बहुतेक माणसांना तो आहे हे मरेपर्यंत कळतही नाही. डॉक्टर त्याला 'भाडेकरू' म्हणत. "भांडत न्हाई, तंटा न्हाई, कोपऱ्यात बसलाय. कामून काढता?"

मी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो, म्हणून मला ते 'सर' म्हणायचे, आणि पेशंट नसला की माझ्याशी जरा जास्त बोलायचे. एकदा मी विचारलं, की मधला पडदा वाकडा असला की त्या बाजूचं दार अरुंद होत असेल, दार अरुंद झालं की पाणी अडत असेल, म्हणजे त्याच बाजूला फुगा येत असेल. बरोबर ना? क्लासमध्ये आम्ही असंच शिकवायचो. कारण, बाण, परिणाम.

"मला पण तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "तरुणपणी प्रत्येक फिल्म त्याच नजरेनं बघायचो. भिंत कुठं वाकली, फुगा कुठं आला. कधी जुळायचं, मी खूष व्हायचो. दुसऱ्याच दिवशी सरळ भिंतीचा माणूस मोठा फुगा घेऊन यायचा. आणि माझ्यासारखा वाकड्या नाकाचा, त्याची दोन्ही पेवं कोरडी खडखडीत." ते थांबले. हवा घेतली. "नियम असंल, सर. मला घावला न्हाई."

म्हणून ते सगळ्यांनाच 'राहू द्या' म्हणत, असं नाही. देगलूरकडची एक बाई गाल सुजला म्हणून आली होती. दात हलत होता, गालाचं हाड दाबलं तर पातळ लागत होतं. डॉक्टर त्या दिवशी कुणाशी विनोद करून बोलले नाहीत. फिल्म बघून तिच्या नवऱ्याला म्हणाले, "हा भाडेकरू न्हाई, दादा. हा भिंत खाऊन राहिला. उद्या नका करू, आजच्या गाडीनं हैदराबादला जा." आणि ती दोघं जाईपर्यंत स्वतः दारात उभे राहिले.

त्यांच्या टेबलावर स्टीलच्या ताटलीत एक चपटी, चकचकीत पट्टी असायची. जीभ दाबून घसा बघायची ती. पण डॉक्टर ती आधी नाकाखाली आडवी धरत. थंड पट्टीवर श्वासाची वाफ धरते. दोन ठिपके उमटतात, एक मोठा, एक लहान. जी बाजू बंद तिचा ठिपका लहान. पोरांना हे फार आवडायचं. पुन्हा एकदा करा, पुन्हा एकदा करा म्हणायची. डॉक्टर सांगायचे, की धडधाकट माणसाचे ठिपकेसुद्धा सारखे नसतात. थोडा वेळ डावी नाकपुडी जास्त चालते, मग उजवी. "पाण्याची पाळी असती ना शेतावर? एकाचं भिजलं की दुसऱ्याचं. तसं. ज्याची पाळी न्हाई त्यानं आराम करायचा."

ती पट्टी मी दवाखान्यात यायच्या आधीच पाहिली होती.

माझं गाव किल्लारीच्या बाजूला होतं. आता ते त्या जागेवर नाही. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला बीएड करत होतो. गणपती बुडवून गावातली माणसं उशिरा झोपली होती. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. मी मिळेल त्या गाडीनं पोचलो तोवर आई, दादा आणि वहिनी यांना लोकांनी बाहेर काढून ठेवलं होतं. मी तिघांनाही ओळखलं. मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. याचं मला पुष्कळ वर्षं वाईट वाटत होतं. आता तेही वाटत नाही.

दादाची मुलगी रेणुका तेव्हा पाळण्यातली होती. माहूरच्या देवीचं नाव आईनं ठेवलेलं. आम्ही रेणू म्हणायचो. ती तुळईला बांधलेल्या झोळीत होती आणि तुळई तिरपी होऊन भिंतीला टेकली होती, एवढंच मला नंतर सांगण्यात आलं. शाळेच्या मैदानात एका चादरीवर ती निपचित पडली होती. तोंडात, नाकात माती. लोक तिच्या बाजूनं चालत होते.

नांदेडहून डॉक्टरांची जीप आली होती. त्यातला एक उंच, वाकड्या नाकाचा माणूस चादरीपाशी गुडघ्यांवर बसला. त्यानं बोटाला कापड गुंडाळून तोंड साफ केलं, वातीनं नाकपुड्या साफ केल्या. मग खिशातून एक पट्टी काढून सदऱ्याला पुसली आणि तिच्या नाकाखाली धरली. बराच वेळ धरली. पट्टीवर दोन ठिपके आले, ज्वारीच्या दाण्याएवढे.

"कोण हाय हिचं?"

"मी. काका."

"बगा. हाय."

ते म्हणाले, "पट्टी न्हाई तुमच्याकडं. बोट लावा. असं, नाकाखाली. गरम लागतंय? बगत राहा. लक्ष ठेवा." आणि ते पुढच्या चादरीकडे गेले.

मी बघत राहिलो. आता थांबा, असं सांगायला ते परत आले नाहीत. आणि मीही कुणाला विचारलं नाही.

काही महिन्यांनी रेणूची सर्दी जाईना म्हणून कुणीतरी इतवाऱ्यातल्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथं मी तो माणूस ओळखला. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. मी सांगितल्यावर बराच वेळ रेणूकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अशी लई लेकरं होती, सर. मला तोंडं आठवत न्हाईत. बरं झालं." तेव्हापासून दर हिवाळ्यात तिला त्यांना दाखवणं हा नेम झाला. ती त्यांना 'डॉक्टरकाका' म्हणायची. पट्टीवर मोठा ठिपका काढायचा म्हणून गाल फुगवून नाकानं फुसफुस करायची आणि डॉक्टर म्हणायचे, "हे बगा, आमच्या रेणूबाईचे दोन्ही नळ चालू."

आम्ही ओळखीचे झाल्यामुळे त्यांनी आम्हाला कधी 'झोपता कुठं' असं विचारलं नाही.

मी लग्न केलं नाही. लातूरला क्लासच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. मी आलो तेव्हा त्या गल्लीत एक पिठाची गिरणी आणि दोन क्लास होते. रेणू अकरावीत गेली तोवर गिरणी गेली होती आणि सगळी गल्ली पोरांची झाली होती. वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं, भिंतीभर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. सकाळी अंधारातच सायकली सुरू व्हायच्या. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मी रेणूलाही डॉक्टर करायचं ठरवलं होतं. तिला विचारलं होतं का, ते आठवत नाही.

आणि पोरांची डोकी दुखायला लागली. क्लासमधल्या प्रत्येक तुकडीत दोन-चार पोरं कपाळ धरून बसलेली. गावोगावी स्कॅनची मशीन आली होती. आईबाप फोटो काढायचे, फोटोत कुठं तरी फुगा दिसायचा, कुठं पडदा वाकडा दिसायचा, आणि ते फिल्म पिशवीत घालून डॉक्टर शोधत फिरायचे. काही इनामदारांकडेही यायचे. एका कापडवाल्यानं माझ्यासमोर त्यांच्याशी वाद घातला होता.

"डाग दिसतो ना फोटोत? मग काढा. परीक्षेच्या आधी झालं पाहिजे."

"शेट, तुमच्या दुकानाचा फोटो काढला आन कोपऱ्यात मांजर दिसली. तर मंदी मांजरीमुळं आली का?"

"म्हणजे तुम्ही करणार नाही?"

"न्हाई. आधी याचे डोळे तपासा. आन हा जेवतो कव्हा ते विचारा."

शेट उठले आणि दुसरीकडे गेले. हळूहळू पुष्कळजण दुसरीकडे जाऊ लागले. न कापणाऱ्या डॉक्टरकडे लांबून कोण येणार? बाकड्यावर गावाकडची म्हातारी माणसं तेवढी उरली. डॉक्टरांचं तेवढ्यावर भागत होतं. डॉक्टर दुपारी वर्तमानपत्र वाचायचे.

बारावीच्या वर्षी रेणूचं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांच्या वर, गालात, मानेत. पुस्तक समोर धरून ती डोळे मिटून बसायची. मी स्कॅन करून घेतला. पडदा डावीकडे वाकलेला आणि उजव्या गालात, पेवाच्या तळाशी, एक गोल सावली.

मी एवढी वर्षं डॉक्टरांचं ऐकत आलो होतो. भाडेकरू, फुगा, सगळं मला पाठ होतं. मी ते दुसऱ्यांच्या पोरांना समजावून सांगितलं होतं. पण ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्यावर मला फुगा दिसला नाही. मला माती दिसली. त्या दिवशी वातीनं जेवढी निघाली तेवढी निघाली, उरलेली आत राहिली, गालात जाऊन बसली आणि आता वर येतेय, असं मला वाटलं. एकदा वाटल्यावर ते जाईना. मी शिकलेला माणूस आहे, पेशीचं चित्र मी डोळे मिटून काढतो. तरीही.

नांदेडच्या बसमध्ये रेणू खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि हसले.

"घ्या. भिंत डावीकडं, फुगा उजवीकडं. पुन्हा न्हाई जुळलं."

"काढून टाका," मी म्हणालो.

"काय?"

"ते काढून टाका. परीक्षेच्या आधी. तुम्ही नाही काढलं तर मी दुसरीकडे नेईन."

असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. डॉक्टरांनी रेणूला स्टुलावर बसवलं, आरसा ओढला, नाक बघितलं, गाल दाबला, दात ठोकून बघितले. पट्टी धरली. दोन ठिपके आले. त्यांनी पट्टी पुसली.

"काय काढू, सर?"

"माती आहे ती."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. रेणू माझ्याकडे बघत होती. तिला भूकंपाचं सगळं माहीत होतं, पण हे माहीत नव्हतं. मी बोलत गेलो. की तेव्हा नाकात माती होती, तुम्हीच काढली, सगळी निघाली नसेल, इतकी वर्षं आत आहे. मी खालच्या आवाजात, एकेक मुद्दा मांडावा तसं बोलत होतो. क्लासमध्ये बोलतो तसंच.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हरभऱ्याएवढी जागा दोन बोटांत दाखवत म्हणाले, "तेवढ्या लेकराच्या गालात पेव केवढं असतं, माहीत हाय? एवढं. नावाला. दात यायला लागतात, तोंड वाढतं, तसं ते पोकळ होत जातं. हिचं आत्ता कुठं पुरं झालं असंल." त्यांनी फिल्मवरच्या काळ्या पोकळीवर बोट ठेवलं. फुगा होता तिथं, तळाशी. "तुम्ही म्हणता त्या खोलीत माती गेली. सर, ही खोली तव्हा बांधलेलीच नव्हती."

हे मला माहीत होतं. मी ते शिकवत होतो. तरी ते ऐकल्यावर माझे हात टेबलावर तसेच राहिले आणि ते माझे आहेत असं वाटेना.

"ही जागा तिनं नंतर वाढवलीय," ते म्हणाले. "तुमच्या घरी. तुमच्या भाकरीवर. त्यात जे काय हाय ते नंतरचंच हाय."

मी विचारलं, "मग डोकं का दुखतं?"

डॉक्टरांनी रेणूकडे खुर्ची वळवली आणि आम्हाला इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला. "बाळ, झोपतीस कुठं?"

"आतल्या खोलीत. काका दाराशी."

"झोप लागती का नीट?"

"लागती. पण पहाटे काका येतात."

"मी तिला उठवत नाही," मी म्हणालो.

"उठवत न्हाईत," रेणू म्हणाली. "नाकाला बोट लावतात. पण मला आधीच जाग येती. ते यायच्या आधी. मग मी जोरात श्वास घेते, त्यांना कळावं म्हणून. मग ते जातात. आधी पुन्हा झोप लागायची. आता क्लास पहाटेचा असतो ना, आन रात्री वाचायचं असतं, मग न्हाई लागत."

"कव्हापासून हाय हे?"

"मला आठवतं तव्हापासून."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घरी पाणी कधी येतं हे सांगावं तसं ती सांगत होती. मी एवढी वर्षं समजत होतो की ती झोपेत असते. रोज पहाटे, आमचं घर पडलं त्या वेळेला, मी तिच्या नाकाखाली बोट धरायचो आणि गरम, जोराचा श्वास लागायचा. मला बरं वाटायचं. किती छान श्वास घेते, असं वाटायचं.

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा काढून ठेवला. दवाखान्यात आरशाशिवाय त्यांचं कपाळ मी पहिल्यांदा पाहिलं. पट्ट्याचा वळ उमटला होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर?"

"तुम्ही."

"मी?"

"शाळेच्या मैदानात. बोट लावा, बघत राहा म्हणालात."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. या वेळी ते हवा घेत होते का विचार करत होते, मला सांगता येणार नाही. मग ते हळू म्हणाले, "आन थांबा म्हणलोच न्हाई."

"नाही."

"सगळ्या दुनियेला विचारतो, झोपता कुठं. हिला विचारलं न्हाई. घरचीच म्हणून." त्यांनी पट्टी ताटलीत ठेवली. "आत्ता म्हणतो. थांबा, सर. बास."

औषध म्हणून त्यांनी चष्म्याच्या डॉक्टरचं नाव सांगितलं आणि मला बाहेर वऱ्हांड्यात झोपायला सांगितलं. तिनं आतून कडी लावायची, हेही सांगितलं. "कडी कामून?" रेणूनं विचारलं. "तुझ्यासाठी न्हाई," ते म्हणाले, "सरांसाठी. दार ढकलून बगतील ते." आणि ती हसली. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत हसत होती.

मी दार ढकलून बघितलं. पुष्कळ दिवस बघितलं. कडी होती.

तिचं डोकं हळूहळू दुखायचं थांबलं. मेडिकलला लागतील एवढे मार्क तिला पडले नाहीत. आता परभणीला नोकरी करते, बियाण्यांची तपासणी असते. मध्यंतरी दाताच्या डॉक्टरनं फोटो काढला, तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "काका, भाडेकरू तसाच हाय." वाढला नव्हता, गेलाही नव्हता.

दवाखाना बंद झाल्याचं मला उशिरा कळलं. गेल्या हिवाळ्यात नांदेडला गेलो तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आलो. दुपारची वेळ होती. सूनबाईंनी दार उघडलं. "अब्बा वऱ्हांड्यात आहेत. झोपलेत बहुतेक. उठवू का?" मी नको म्हणालो.

ते वेताच्या खुर्चीत होते. अंगावर शाल. वजन फार उतरलं होतं, त्यामुळे नाक आणखी वाकडं दिसत होतं. तोंड मिटलेलं होतं. मी त्यांचं तोंड कधी मिटलेलं पाहिलं नव्हतं. शाल हलत नव्हती. समोर स्टूल होतं, त्यावर मी बसलो. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मी शालीकडे बघत राहिलो. ती हलेना. माझा हात मांडीवरून उचलला गेला आणि मी तो परत खाली ठेवला. दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"लावा, सर," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

"नाही, नाही. तुम्ही झोपा."

"लावा. माझी झोपमोड व्हत न्हाई."

मी बोट त्यांच्या नाकाखाली धरलं. उजवीकडून काही लागलं नाही. डावीकडून, त्या वाकड्या, बंद म्हणून मी समजत आलेल्या बाजूनं, बारीक गरम हवा येत होती.

"काय म्हणतंय?"

"डावी चालू आहे."

"उजवीची पाळी न्हाई आत्ता," ते म्हणाले, आणि खरंच झोपले.

मी थोडा वेळ बसलो. मग बोट काढून घेतलं.